जे आधी होईल ते

रविंद्र भोये यांनी दसऱ्याला आयुष्यातली पहिली चारचाकी घेतली, तेव्हा शोरूममधल्या टाय लावलेल्या माणसानं तिचं पुष्कळ कौतुक केलं. मायलेज सांगितलं, मागं बघायचा कॅमेरा दाखवला, डिकीत किती बॅगा मावतात ते हातवारे करून समजावलं. भोयेसाहेबांच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. शिरला तो एकच शब्द, वॉरंटी. ज्या कचेरीत प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘याची जबाबदारी या कार्यालयावर राहणार नाही’ असं लिहायची पद्धत, तिथं वरिष्ठ लिपिक म्हणून केस पांढरे केलेल्या माणसाला, कोणीतरी पुढच्या तीन वर्षांची जबाबदारी आपणहून घेतंय, ती लेखी देतंय आणि वर पेढाही देतंय, हे फारच अपूर्व वाटलं.

“फक्त एक करायचं सर,” तो टायवाला म्हणाला. “दर दहा हजार किलोमीटरला सर्विस कंपनीच्याच सेंटरमध्ये. ऑइल कंपनीचंच. बाहेरच्या माणसाला बॉनेटला हात लावू द्यायचा नाही.”

त्यापुढंही तो काहीतरी सांगत होता. पण तेवढ्यात भोयेसाहेबांच्या पत्नी पुष्पाताईंनी पिशवीतून नारळ काढला, आणि शोरूमच्या चकचकीत फरशीवर नारळ फोडायला मनाई आहे यावरून त्यांची आणि वॉचमनची जुंपली. त्या गडबडीत टायवाल्याचं उरलेलं अर्धं वाक्य वाहून गेलं. ते अर्धं वाक्य पुढं भलतंच महागात पडणार होतं.

गाडी घेतल्याचा पहिला फोन भोयेसाहेबांनी आईला केला. आई म्हणजे जानी. तलासरीच्या पूर्वेला, उधव्याच्याही पुढं डोंगराच्या अंगाला सावरपाडा आहे, तिथं ती भात-नागलीचं रान सांभाळत राहते. शेजारी उमेश, साहेबांचा चुलतभाऊ, तिच्यावर लक्ष ठेवून असतो. डहाणूला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिला आणून बघितलं होतं. पहाटे कोंबडा आरवत नाही अशा जागी माणसानं उठायचं तरी कसं, असं विचारून ती परत गेली.

“आये, गाडी घेतली.”

“तुझीच? सरकारची नाय?”

“माझीच.”

मग जानी म्हणाली, “मंग आता तुला एस्टीची घाई नाय.”

हे वाक्य नीट कळायला त्या एसटीची हकिगत सांगायला हवी. रविंद्र महिन्यातून एखाद्या रविवारी आईकडं जायचा. (कचेरीत आणि सोसायटीत ते भोयेसाहेब, आईच्या अंगणात साहेब कोणी नसतं, तिथं नुसता रविंद्र असतो.) परतीची शेवटची एसटी डोंगराच्या वळणावरूनच लांब हॉर्न द्यायची, म्हणजे पाड्यातल्या लोकांनी आवरून फाट्यावर यावं. तो हॉर्न वाजला की रविंद्र ताटावरून उठायचा. सोमवारची पहिली गाडी कचेरीच्या मस्टरच्या वेळेला डहाणूत पोचत नसे, म्हणून ही शेवटची चुकवून चालायचं नाही. जानी घाईघाईनं फडक्यात काहीतरी बांधायची, आणि बोलता बोलता अर्धं राहिलेलं बोलणं पुढच्या रविवारापर्यंत अर्धंच राहायचं. नोकरी लागल्यापासून त्यानं त्या घरात एक रात्र काढली नव्हती. डहाणूच्या फ्लॅटमध्ये कधी दिवे गेले की त्याला चुलीचा धूर आठवायचा, कुडाला सारवल्याचा वास आठवायचा, आणि आईच्या हातची भाकरी घाईत न खाता खाऊन किती वर्षं झाली ते तो बोटांवर मोजायला लागायचा. मग दिवे यायचे आणि भोयेसाहेब फाईल उघडायचे.

तर गाडीची बातमी कळल्यावर जानीनं उमेशला कामाला लावलं. अंगणात चार मेढी रोवल्या, वर ताडाच्या झावळ्या घातल्या, खाली शेणानं सारवलं. घरात नवी वस्तू येते तेव्हा तिला उघड्यावर ठेवत नाहीत, असं तिचं म्हणणं. पाड्यातले लोक त्याला ‘गाडीचा मांडव’ म्हणू लागले. आणखी एक रीत होती. नव्या वस्तूचा पहिला मान घरातल्या थोराचा. म्हणजे गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी पहिली बसणार ती जानी. तोवर ती पुढची सीट रिकामी.

पुष्पाताईंनी ही रीत इतकी कडक पाळली, की भोयेसाहेबांची शोभा झाली. गाडी शोरूममधून घरी आली तेव्हा त्या मागच्या सीटवर बसून आल्या. पुढंही मागंच बसत राहिल्या. बाजारात, बँकेत, एखाद्या लग्नात, कुठंही गाडी थांबली की आधी मागचं दार उघडून पुष्पाताई उतरत आणि मग पुढून, पांढरा शर्ट घातलेले भोयेसाहेब. एकदा एका लग्नात यजमानानं पुष्पाताईंना आदरानं आत नेलं आणि साहेबांना सांगितलं, “गाडी त्या चिकूच्या वाडीत लाव भाऊ, आणि मागं जेवायची व्यवस्था आहे.” साहेबांनी त्या रात्री घरी येऊन वरणभात खाल्ला.

“एकदा आईला बसवून आणा म्हणजे सुटाल,” पुष्पाताई म्हणाल्या.

पण आईला बसवायला सावरपाड्याला गाडी न्यायला हवी, आणि घोडं तिथंच अडलं होतं. पाड्याचा शेवटचा टप्पा म्हणजे दगड आणि धूळ. वॉरंटीच्या माणसाला फोनवर विचारलं, तर त्यानं सांगितलं की गाडीच्या पोटाला दगड लागला तर ते वॉरंटीत बसत नाही. शिवाय ज्याला त्याला विचारल्यावर असंही कळलं की नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल बदलल्याशिवाय चढावर न्यायचं नसतं. साहेबांनी मनाशी पक्कं ठरवलं. पहिली सर्विस होऊ दे, मग गाडीनं आईकडं; तोवर आपली एसटीच.

“सर्विस झाली की आलोच, आये.”

“कदी व्हईल ती?”

“दहा हजार किलोमीटर झाले की.”

जानीला दहा हजार म्हणजे किती ते कळलं नाही, पण मुलगा म्हणतोय म्हणजे होईल, असं ती धरून चालली. इकडं साहेबांना वाटायचं की किलोमीटर जितके कमी वापरू तितकी गाडी नवी राहील. ते कचेरीत पायी जात. बाजारहाट रिक्षानं. धुवायची असली तर गाडी चालू न करता ढकलत नळापाशी नेत, आणि सोसायटीतली माणसं खिडकीतून हे बघत. पुष्पाताईंनी एकदा सरळ विचारलं, “दहा हजार झाल्याशिवाय आईकडं जायचं नाही, आणि गाडी तर चालवायची नाही. मग दहा हजार होणार कसे?” यावर साहेब म्हणाले की तुला यांत्रिक गोष्टी कळत नाहीत. उत्तर सुचलं नाही की कचेरीत ते ‘पडताळणी चालू आहे’ म्हणत. घरी हे म्हणत.

बॅटरी बसू नये म्हणून मात्र दर रविवारी गाडी जागच्या जागी चालू ठेवायचा नेम होता. एसी लावून साहेब स्टिअरिंगवर, पुष्पाताई मागं, आणि हातात चहाचे कप. पंधरावीस मिनिटं दोघं सोसायटीच्या भिंतीकडं बघत बसत. नाशिकला नर्सिंग शिकणारी मुलगी प्राजक्ता व्हिडिओ कॉल करायची आणि विचारायची, “कुठं निघालात?” मग पुष्पाताई फोन भिंतीकडं वळवून दाखवायच्या.

अशाच एका रविवारी सोसायटीतले मनिषभाई खाली आले. मनिषभाईंचा दागिन्यांच्या डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवायचा कारखाना आहे आणि लोखंडाच्या कुठल्याही वस्तूवर मत द्यायचा अधिकार त्यांना जन्मतःच मिळालेला आहे. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. बाहेरच्या माणसाचा हात लागायला नको म्हणून साहेबांनी स्वतः उघडलं. मनिषभाईंनी मात्र बोलता बोलता ऑइल मोजायची दांडी उपसून रुमालावर पुसलीसुद्धा.

“अरे रविंद्रभाई, आ तो काळुं थई गयुं!”

“गाडी चालवलीच नाही, तर काळं कसं होईल?”

“उभी ठेवून चालू करता ना? मग होणारच. लगेच बदला. फुल सिंथेटिकच टाका, एकदम पातळ येतं. माझं ऐका, दुसरं काही हातात धरू नका.”

साहेबांनी घाबरून मेहुण्याला फोन लावला. पुष्पाताईंचा भाऊ सुनिल पूर्वी ट्रक चालवायचा. आता अच्छाडला हायवेच्या कडेला त्याचं ऑइल आणि फिल्टरचं दुकान आहे. त्यानं विचारलं, “कंपनी कुठलं टाकायला सांगते भावोजी?”

साहेबांनी वाचून दाखवलं, “झिरो डब्ल्यू ट्वेंटी.”

“झिरो?” सुनिल ओरडला. “ऑइलचा नंबर झिरो? हे तर पाणी झालं. इंजिनात जाड ऑइल पाहिजे, मधासारखं. बोट बुडवलं तर बोट वर यायला नाही म्हणालं पाहिजे. माझ्याकडं आणा गाडी.”

मनिषभाईंचं पातळ आणि सुनिलचं जाड यांच्यामध्ये भोयेसाहेब आठवडाभर झोपेविना तळमळले. शेवटी त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. वरिष्ठ कार्यालयाकडं मार्गदर्शन मागवायचं ठरवलं.

अडचण अशी होती, की शोरूम पार दक्षिणेला, वसईकडं. तिथं जायचं म्हणजे उगाच किलोमीटर वाढणार. जवळचं सर्विस सेंटर वापीला, पण वापी गुजरातेत. आता जो माणूस ‘सदर गाव या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही’ असं लिहून निम्म्या तालुक्याला परत पाठवत आला, त्याला हद्दीबाहेर केलेलं काम ग्राह्य धरलं जाईल हे पटणार कसं? महाराष्ट्रात दिलेली वॉरंटी अच्छाडचा राज्याच्या सीमेवरचा नाका ओलांडल्यावर जिवंत राहते की नाही, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्यांनी कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ‘विषय: वाहनाचे इंजिन ऑइल परराज्यात बदलण्यास ना-हरकत मिळणेबाबत.’ खाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ पासून पुढं दीड पान. रजिस्टर पोस्टानं शोरूमला पाठवलं आणि पोच जपून ठेवली.

शोरूममध्ये टपाल उघडणारा माणूस ठेवायची पद्धत नसावी. महिना गेला. साहेबांनी स्मरणपत्र पाठवलं. नंतर दुसरं पाठवलं. त्यानंतर ‘अंतिम’ असं लाल शाईनं लिहून तिसरं. दरम्यान पावसाळा येऊन गेला, सावरपाड्यातला मांडव भिजून बसला, आणि नवरात्रात जानीनं उमेशकडून नव्या झावळ्या घालून घेतल्या.

“आये, उगाच कशाला खटाटोप? मी आलो की करू.”

“तू येशील तवा उघड्यावर ऱ्हाईल ना ती,” जानी म्हणाली. “सध्याला शेळी बांधतेय. गाडी आली का सोडीन.”

फोन ठेवल्यावर साहेब बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. खाली गाडी धूळ खाऊ नये म्हणून कव्हर घालून उभी होती. तिच्यासाठी तिकडं मांडव आणि इकडं कव्हर, आणि मध्ये चाळीसेक किलोमीटर. त्यांना त्या वेळी फार वाटलं, की आत्ताच्या आत्ता किल्ली घ्यावी आणि निघावं. पण ना-हरकत आली नव्हती.

होळीच्या सुमाराला पुष्पाताईंचा धीर सुटला. त्यांनी साहेबांच्या हातातून फोन घेतला आणि कंपनीच्या नंबरवर लावला. पलीकडच्या मुलीनं एका दमात सांगितलं, “मॅम, कुठल्याही सेंटरला करू शकता, ऑल इंडिया आहे, रविवारीही चालू असतं, रविवारची अपॉइंटमेंट देऊ?” पुष्पाताईंनी घेतली. मग दुसरा फोन सावरपाड्याला लावला, “आई, रविवारी सर्विस करून येतोय. संध्याकाळी.” साहेब म्हणाले, “तोंडी सांगण्याला काही आधार नसतो.” पुष्पाताई म्हणाल्या, “मी आईंना तोंडीच सांगितलंय आणि ते आता मोडायचं नाही.”

रविवारी दोघं निघाले. मागच्या सीटवर पुष्पाताई, त्यांच्या मांडीवर जानीसाठी सुके बोंबील आणि चिकूची पिशवी. पुढची सीट रिकामी. तलासरीच्या नाक्यावर आल्यावर समोर उधव्याचा रस्ता दिसला. पुष्पाताई मागून म्हणाल्या, “आधी तिकडंच जाऊया का?” साहेब म्हणाले, “आधी सर्विस,” आणि डावीकडं हायवेला वळले.

अच्छाड जवळ आलं आणि समोरच्या काचेखाली नट पिळायच्या पान्याचं पिवळं चित्र पेटलं. नुसता पाना, बाकी काही नाही. सर्विसची आठवण करून देणारा साधा दिवा होता तो, पण साहेबांनी गाडी लगेच कडेला घेतली. समोरच सुनिलचं दुकान होतं. गाडी रस्त्याच्या उतारावर, तोंड खाली करून थांबली. सुनिलनं धावत येऊन गरम इंजिनातून दांडी उपसली. तिच्या टोकाला ऑइलचा नुसता थेंब.

“भावोजी! इंजिन कोरडं चाललंय!”

“थांब, कंपनीचं...” साहेब म्हणेपर्यंत सुनिलनं दुकानातून कॅन आणून झाकण फिरवून ओतलंसुद्धा. दाट, काळपट, ट्रकचं. “हे टाकलं की ट्रकसुद्धा गोध्र्यापर्यंत खोकत नाही,” तो प्रेमानं म्हणाला. उतारावर, गरम इंजिनात, बंद केल्या केल्या दांडी बघितली तर ऑइल कमीच दिसतं, हे त्या क्षणी तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. बहिणीच्या गाडीसाठी त्याला एवढं वाटलं, म्हणून पुष्पाताईंना मात्र भरून आलं.

वापीच्या सेंटरच्या फाटकात वॉचमननं मागचं दार उघडून पुष्पाताईंना नमस्कार केला आणि साहेबांना म्हणाला, “ड्रायव्हर लोगों का वेटिंग उधर, शेड के पीछे.” साहेबांनी बरंच काही सांगितलं. वॉचमननं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा शेडकडं बोट दाखवलं. शेवटी पुष्पाताई काचेच्या हॉलमधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “यांना येऊ द्या, माझ्याबरोबर आहेत.” यानंही प्रतिष्ठा फारशी परत आली नाही. आत गार हवा होती आणि कॉफीचं यंत्र होतं. साहेबांनी कॉफी घेतली नाही.

दुपार कलल्यावर तुषार नावाचा सर्विस ॲडव्हायझर आला. उंबरगावकडचा पोरगा, मराठी छान बोलत होता. त्याच्या हातात पांढऱ्या कागदावर काळा डाग होता.

“काका, यात काय टाकलंय?”

“ऑइल.”

“दोन प्रकारची आहेत. आणि मापाच्या बरीच वर. बाहेरचं ऑइल टाकलंय अशी नोंद करावी लागेल मला.”

साहेबांनी मेहुणा, उतार आणि पिवळा पाना अशी साद्यंत हकिगत सांगितली. तुषारनं मान डोलावली. “ते होईल काका, काढून नवीन टाकू. पण दुसराच प्रॉब्लेम आहे. तुमची इंजिनाची वॉरंटी सिस्टीममध्ये बंद दाखवतेय. पहिली सर्विस मागच्या दसऱ्यालाच व्हायला हवी होती.”

साहेब हसले. आता त्यांना ओळखीची जमीन लागली होती. “तुमची काहीतरी चूक होतेय. दहा हजार किलोमीटरला सर्विस. माझी गाडी चार हजारही चालली नाही. मी डोळ्यांत तेल घालून किलोमीटर जपलेत.”

“दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष,” तुषार म्हणाला. “जे आधी होईल ते.”

शोरूममधलं ते वाहून गेलेलं अर्धं वाक्य वापीत असं परत भेटलं.

“पण गाडी चाललीच नाही!” साहेबांचा आवाज चढला. “उभी होती! नुसती उभी!”

“उभ्या गाडीचंही ऑइल म्हातारं होतं काका,” तुषार म्हणाला. “जागच्या जागी चालू ठेवली तर जास्तच. ते थांबत नाही ना आपल्यासाठी.”

साहेबांनी पत्राची पोच काढली. तिन्ही स्मरणपत्रांच्या पोच काढल्या. त्या वाचताना तुषारला हसू आवरणं कठीण गेलं, पण त्यानं आवरलं. “मुदत गेली की सिस्टीम घेत नाही काका. तुम्ही अर्ज करा, मी वर पाठवतो.”

हे वाक्य भोयेसाहेबांचं स्वतःचं होतं. त्याच सुरात, त्याच मान हलवण्यासकट, काउंटरच्या अलीकडून ते त्यांनी हजारदा म्हटलं होतं, आणि अर्ज वर गेल्यावर त्याचं काय होतं हेही त्यांना बसल्या जागी माहीत होतं. त्यांनी अर्ज केला नाही. गाडी धुऊन, पुसून, नवं पातळ ऑइल घालून परत मिळाली. आरशाला एक लिंबाच्या वासाचं पान टांगलेलं होतं. वॉरंटी तेवढी नव्हती.

साहेब गाडी घेऊन परत निघाले. अच्छाडला सुनिल दुकानाबाहेर उभा राहून हात हलवत होता, तिकडं त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या मनात ग्राहक मंचाच्या तक्रारीचा पहिला परिच्छेद तयार होत होता. घरी जाऊन आजच लिहायला बसायचं. उन्हं कलायला लागली होती. तलासरीचा नाका आला. उजवीकडं डहाणू, डावीकडं उधवा. साहेबांनी उजवीकडचा इंडिकेटर दिला.

मागं पुष्पाताई शांतपणे म्हणाल्या, “आता काय जपायचं राहिलंय?”

इंडिकेटर टिकटिक करत होता. मागून एका टेंपोनं हॉर्न दिला. साहेबांना एकदम ते ऑइल आठवलं, काहीही न करता नुसतं उभ्या उभ्या म्हातारं झालेलं, आणि मांडवात बसलेली आई डोळ्यांसमोर आली. गाडी घेतली तेव्हा ती त्यांना एसटीला पोचवायला फाट्यापर्यंत चालत यायची. हल्ली येत नव्हती. कधीपासून येत नव्हती तेही त्यांना आठवेना. त्यांनी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं.

उधव्याच्या पुढं डांबर संपलं. पहिला दगड खालून टण्णकन लागला तेव्हा साहेबांचा पाय आपोआप ब्रेककडं गेला. दुसऱ्याला तो ॲक्सिलरेटरवरच राहिला. तिसऱ्यापासून त्यांनी ऐकायचंच सोडून दिलं. मोहाच्या झाडांखालून, कापलेल्या भाताच्या खाचरांमधून, धूळ उडवत गाडी पाड्यात शिरली, तेव्हा सगळ्यात आधी त्यांना मांडव दिसला. खाली ताजं सारवलेलं होतं. शेळी बाहेर काटेसावरीला बांधली होती. मांडवाच्या मेढीला टेकून जानी बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून.

ती उठली, पण घाई केली नाही. उमेशच्या बायकोनं ताट धरलं. जानीनं गाडीच्या कपाळाला कुंकू लावलं, नव्या भाताचे दाणे ठेवले. पाड्यातली माणसं बाजूला झाली आणि रविंद्रनं गाडी मांडवात घातली. आरसे दुमडावे लागले. झावळीचं टोक टपावरून करकरत गेलं, आणि तो बघायला उतरला नाही.

जानीनं तांब्यातल्या पाण्यानं आपले पाय धुतले. मग पुढचं दार उघडून ती रिकाम्या सीटवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. पुष्पा मागं बसलेलीच होती. लोक जरा वेळ बघत राहिले आणि मग आपापल्या कामाला गेले.

“चल आये, फाट्यापर्यंत फिरवून आणतो,” रविंद्र म्हणाला. त्याला तिला सगळं दाखवायचं होतं. एसी, कॅमेरा, गाणी. दीड वर्ष तो मनातल्या मनात तिला याच सीटवर बसवून फिरवत आला होता. त्यानं किल्लीला हात घातला.

“नको.”

“अगं, बस ना. भीती नाही वाटणार.”

“भ्या कसलं? राहू दे उभी.” तिनं काच थोडी खाली करायला लावली आणि मान बाहेरच्या बाजूला वळवली. ती काहीतरी ऐकत होती.

मग वळणावरून हॉर्न आला, लांबलचक, नेहमीचा.

रविंद्रचा हात दाराच्या कडीवर गेला. तो सीटवरून अर्धा उठलाही. त्याच्या अंगानं वर्षानुवर्षं त्या आवाजाला एवढंच शिकून ठेवलं होतं. जानीनं त्याच्याकडं बघितलं नाही. नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, जड आणि खरखरीत.

“जाऊ दे तिला,” ती म्हणाली.

तिघं मांडवाखाली उभ्या गाडीत बसून राहिले. फाट्यावर एसटी थांबल्याचं ऐकू आलं, कोणीतरी चढल्याचं, दार आपटल्याचं. मग इंजिनाचा आवाज डोंगराच्या कडेनं बारीक होत होत गेला आणि कोंबड्यांचा, शेळीचा, चुलीपाशी भांड्यांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. रविंद्रनं हळूच कडीवरचा हात काढून घेतला.

“गेली,” जानी म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि दार उघडायला चाचपडू लागली. पाय खाली टेकवता टेकवता मागं वळून तिनं विचारलं, “रातीला काय करू रं जेवायला?”

इतक्या वर्षांत तिनं त्याला हे कधी विचारलं नव्हतं. रविंद्रनं गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि तिच्यामागोमाग चुलीकडं निघाला.